मदत हवी आहे: २५ वर्षांहून जास्त काळ पडून असलेल्या फियाटच्या इंजिनात कुंभारीण माशीची माती, उंदरांची सरकी आणि आप्पांचे बोळे

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आप्पांची १९७० ची फियाट ११०० डिलाइट आहे. १९९८ मध्ये हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, या दोहोंमधलं पॅकिंग) गेलं म्हणून त्यांनी इंजिन उतरवून हेड खोललं. त्या वर्षी कापसाने दगा दिला, काम मागे पडलं ते पडलंच. आप्पा आता नाहीत. ब्लॉक, हेड, मॅनिफोल्ड, कार्बोरेटर सगळं गोणपाटात गुंडाळून धाब्याच्या घरातल्या कापसाच्या खोलीत होतं. यंदा आखाजीला बहीण माहेरी आली, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून ते सोडलं.

पिस्टन १ आणि ४ वर होते, २ आणि ३ खाली. खाली राहिलेल्या त्या दोन बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन वर-खाली होतो त्या नळ्यांत, उंदरांनी घर केलेलं. कापूस, सरकी, शेंगांची टरफलं अगदी ठासून भरलेली. हाताने उपसलं तर कापूस जिथवर टेकला होता बरोबर तिथवर बोअरला तांबडा गंज, त्याच्यावर अजून चकाकी. ब्लॉकच्या फेसवर, म्हणजे हेड बसतं त्या सपाट बाजूवर, पाण्याच्या भोकांत कुंभारीण माशीने माती लिंपली आहे. एक घर फोडलं, आत सहा वाळलेले कोळी. हेडकडे तेल नेणारं बारीक भोकसुद्धा तिने बुजवलंय, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

हेडच्या इनटेकच्या तोंडात खोल काहीतरी काळपट दिसत होतं. तारेच्या आकड्याने ओढलं तर धोतराचा तुकडा निघाला, काठ अजून ओळखू येतो. आत नट-वॉशर पडू नये म्हणून आप्पांनीच बोळा कोंबला असणार. माय शेजारी उभी होती, म्हणाली, "काय निंघनं रे भो?" मी तो तिच्या हातात दिला. तिने तो धुऊन घडी करून ठेवला. पण आप्पांनी असे किती बोळे कोंबले आणि कुठे कुठे, हे सांगणारं आता कोणी नाही.

तालुक्याला एका गॅरेजवाल्याला विचारलं तर म्हणाला, जोडा आणि चालू करा, उरलंसुरलं जळून सायलेन्सरमधून जाईल. मला हे अजिबात पटलं नाही. सरकीचा एक दाणा व्हॉल्व्हखाली अडकला तर काय होईल? पुतण्या ट्रॅक्टरच्या टायरची हवा भरायचा कॉम्प्रेसर घेऊन आला होता, त्यालाही थांबवलं. माती आणखी आत जाऊन बसली तर?

पाण्याच्या वाटा आणि तेलाची गॅलरी (ब्लॉकच्या आतून तेल नेणारी वाट) कशी मोकळी करू? २ आणि ३ चे पिस्टन हलत नाहीत, त्यांचं काय? हेड ॲल्युमिनियमचं आहे, म्हणून कुठलंही जालीम रसायन लावायची हिंमत होत नाही. ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करायचा नियम २०२१ पासून आहे, ते पुढचं पुढे. आधी आप्पांचं इंजिन त्यांच्याच भागांवर फिरलेलं बघायचंय.

प्रतिसाद १

भाऊ, कॉम्प्रेसर थांबवलात ते फार चांगलं केलंत. ब्लॉक उलटा टांगा, फेस जमिनीकडे. कुंभारणीची माती म्हणजे शेवटी मातीच, पाण्याने भिजते. खालून ओल्या चिंध्या लावून रात्रभर ठेवा, सकाळी लाकडी काडीने उकरा, म्हणजे ती खालीच पडेल. तेलाच्या गॅलरीच्या टोकांचे प्लग काढल्याशिवाय गत्यंतर नाही. मग लांब नायलॉनचा ब्रश आणि डिझेल, आणि पलीकडून स्वच्छ धार येईपर्यंत थांबू नका. क्रँकमधली तेलाची भोकंही तशीच. पाणी लागलेला भाग उन्हात वाळवून लगेच तेल चोळा, नाहीतर एका रात्रीत तांबूस होतो. जाम पिस्टनवर डिझेल आणि गिअर ऑइल अर्धं-अर्धं ओतून आठवडाभर सोडा. हातोडा नको. कार्बोरेटरच्या जेटमध्ये लोखंडी तार घालू नका, भोक मोठं झालं की पेट्रोलचं माप गेलंच. वायरमधली तांब्याची एक तार पुरते.

प्रतिसाद २

हातमोजे आणि मास्क घातलात ना? उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. कोरडा कचरा झाडू नका, आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडून ओला करा. हातावर जखम असेल तर ती झाकूनच काम करा. बोळे शोधायला मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा मिळतो, तो घ्या.

मूळ धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. पहिल्या दिवशी मी उघड्या हातांनीच उपसलं होतं, आता गावच्या डॉक्टरांना दाखवून येतो. कॅमेरा जळगावहून मागवला. एक्झॉस्टच्या बाजूला आणखी दोन बोळे सापडले, तेही त्याच धोतराचे. रात्रभर भिजवल्यावर तीन भोकांची माती सकाळी आपोआप खाली पडलेली होती. तेलाचं भोक मात्र अजून बंद आहे, आणि गॅलरीच्या मागच्या टोकाचा प्लग गोल होऊन बसलाय, पाना धरत नाही. तो ड्रिल करून काढावा की गरम करून? ब्लॉक बिडाचा आहे, तडा जायची भीती वाटते. धुळे-जळगावकडे असं काम जपून करणारा लेथवाला कोणाच्या माहितीत असेल तर व्यक्तिगत निरोपातून कळवा.