वादळात विमान कशाला? 'पैशांचा धूर' म्हणणाऱ्यांना उत्तर

ह्यूस्टनकर: काल 'हिशेबी' यांनी लिहिलं, "इतके उपग्रह असताना हरिकेनच्या पोटात विमान घालणं म्हणजे अमेरिकेचा माज आणि पैशांचा धूर." वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ऑक्टोबर 2023 चं ओटिस चक्रीवादळ आठवा. 24 तारखेला दुपारी विमान आत शिरलं आणि वादळ उपग्रहावरून वाटत होतं त्याहून कितीतरी जोरदार निघालं. त्याच रात्री ते श्रेणी 5 चं, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं होऊन मेक्सिकोतल्या अकापुल्कोवर आदळलं.

विमानातला मायक्रोवेव्ह रेडिओमीटर (पृष्ठभागाकडून येणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी मोजणारं उपकरण) सरळ खाली समुद्राकडे बघतो. वारा वाढला की फेस पसरतो आणि फेसाळ पाणी मायक्रोवेव्हमध्ये जास्त उजळ दिसतं. पावसाचा परिणाम वारंवारतेप्रमाणे बदलतो, फेसाचा फारसा नाही. म्हणून साधारण 4.5 ते 7.2 गिगाहर्ट्झमध्ये सहा वारंवारतांवर मोजून पाऊस आणि वारा वेगळे काढतात. याच वारंवारतांवर उपग्रहाच्या चित्रातल्या एका ठिपक्यात वादळाचा अख्खा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, मावतो!

हिशेबी: पश्चिम पॅसिफिकमध्ये अमेरिकेने ही नियमित उड्डाणं 1987 लाच थांबवली. तिथले मार्गाचे अंदाज त्यानंतरही सुधारलेच ना? 1989 मध्ये ह्यूगो वादळात साडेचारशे मीटरवरून शिरलेल्या विमानाचं इंजिन बंद पडलं, माणसं जेमतेम वाचली. शिवाय तुमचा रेडिओमीटर अतितीव्र वादळांत वारा वाढवून सांगतो. उथळ पाण्यात लाटा फुटतात, तिथेही गडबडतो. म्हणजे किनाऱ्याजवळ, ऐन गरजेला, भरवसा नाही.

वाडीवाला: अटलांटिक-पॅसिफिकचं राहू द्या. आमच्या अरबी समुद्रावर असं नियमित विमान कुठे आहे? 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि श्रीवर्धनची आमची सुपारीची वाडी एका दुपारात आडवी झाली. पंचनाम्याला आलेल्यांनी हिशेब हेक्टरवर मांडला. एकेक झाड वाढवायला किती वर्षं जातात, कुणी विचारलं का?

हिशेबी: भरपाईचा इथे काय संबंध?

वाडीवाला: ज्याची वाडी गेली त्याला विचारा संबंध!

दर्यावर्दी: वाडीवाले, दुःख समजतं, पण विमानाने वाडी वाचली नसती. मे 2021 मध्ये तौक्तेचा इशारा आधीच आला होता, तरी मुंबईजवळ कामगारांना राहायचा पी-305 बार्ज बुडालाच. मी तेव्हा दुसऱ्या बोटीवर होतो. इशारा हातात असून वरचे निर्णय घेईनात. आधी ते दुरुस्त करा.

वाडीवाला: म्हणजे मोजायचंच नाही? झाडं वाचली नसती, हे मलाही कळतं. वारा किती वाढणार हे वेळेत कळलं असतं तर म्हातारी माणसं तरी कौलांखालून पक्क्या घरात हलवली असती. आम्ही ती रात्र ओल्या भिंतीला टेकून काढली.

ह्यूस्टनकर: हिशेबी, रेडिओमीटर जास्त दाखवतो, मान्य. पण हे कळलं कशामुळे? विमानातून टाकलेल्या ड्रॉपसाँडशी (खाली पडता पडता वारा मोजणाऱ्या उपकरणाशी) ताडून पाहिलं म्हणून. नुसते उपग्रह असते तर चूक पकडणार कशाशी ताडून? आणि पॅसिफिकच्या मार्गाचं सांगताय. प्रश्न तीव्रतेचा आहे. मार्ग बाहेरचे वारे ठरवतात, तीव्रता डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत ठरते.

हिशेबी: ओटिसपुरतं सोडतो. तीव्रतेसाठी विमान लागतं, ठीक. माणसं बसवायचं मात्र पटत नाही. 2010 मध्ये नासाने मायक्रोवेव्ह साउंडर (हवेच्या थरांचं तापमान आणि ओलावा मोजणारं उपकरण) बसवलेलं विनावैमानिक ग्लोबल हॉक कार्ल वादळावरून नेलंच होतं. अरबी समुद्रासाठी मागायचंच तर तसलं मागा.

वाडीवाला: कुठलंही चालेल. पुढच्या मे महिन्याआधी येणार आहे का?