कोवळे ऊन आणि शीचा रंग

‘नवजात बाळाची कावीळ कोवळ्या उन्हाने उतरते, घाबरू नये’ या इथल्या चर्चेत मांडलेल्या मताशी पहिल्या दोन आठवड्यांपुरता मी बहुतांशी सहमत आहे (बहुतेकदा ती आपोआपच उतरते आणि श्रेय उन्हाला मिळते). परंतु त्यानंतरही ती टिकली, तर रक्तातील डायरेक्ट बिलिरुबिन (कावीळ आणणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्याचा यकृताने प्रक्रिया केलेला भाग) तपासावे आणि मुख्य म्हणजे बाळाच्या शीचा रंग पाहावा, हे इथे कोणी लिहिलेले नाही. माझ्या भाच्याची शी ओल्या खडूसारखी पांढुरकी होती आणि लंगोटावर लघवीचे गडद पिवळे डाग पडत, पण वजन वाढत असल्यामुळे आम्ही सगळेच निर्धास्त राहिलो. बिलियरी अट्रेझिया, म्हणजे यकृताबाहेरील पित्तनलिका बुजून जाणे (त्यामुळे शीला रंग देणारे पित्त आतड्यात पोहोचत नाही), हे निदान ८३व्या दिवशी झाले. आतड्याचा भाग थेट यकृताला जोडणारी कासाई शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाल्यास यशाची शक्यता अधिक असते, आणि म्हणूनच तैवानमध्ये २००४पासून नवजात बाळांच्या पालकांना शीच्या रंगांचे कार्ड दिले जाते.

आमच्याकडे ती शस्त्रक्रिया निष्फळ ठरली व दहाव्या महिन्यात यकृत प्रत्यारोपण करावे लागले. आईचा रक्तगट जुळला नाही, वडिलांच्या यकृतात चरबी निघाली. अखेर सत्तेचाळीस वर्षांच्या आजीने आपल्या यकृताच्या डाव्या बाजूचा छोटा भाग दिला. अवयव प्रत्यारोपण कायद्यातील २०११च्या दुरुस्तीने आजी-आजोबांना ‘जवळचे नातेवाईक’ मानले आहे, हे आम्हाला समन्वयकांनी सांगेपर्यंत ठाऊकच नव्हते.