सोसायटीच्या अजेंड्यावर ‘तिसऱ्या मजल्याचा उपद्रव’, पटतंय का तुम्हाला?

कोथरूडकर: आमच्या तिसऱ्या मजल्यावर सत्तरीच्या काकू आणि त्यांचा पंचेचाळिशीचा मुलगा राहतात. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या चालू आहेत. रविवारच्या मीटिंगला विषय काय, तर कुटुंबाला ‘अन्यत्र राहण्याची विनंती’. अहो, फ्लॅट त्यांच्या मालकीचा आहे! आणि उपद्रव काय तर पार्किंगमध्ये फेऱ्या मारत स्वतःशी बोलतो. कानात ब्लूटूथ घालून अर्धी बिल्डिंग तेच करते.

शेजारधर्म: लांबून बोलायला काय जातंय. आमच्या वर असाच एकजण होता, रात्री दोनला दार ठोठवायचा, टाकीत विष घातलंय म्हणायचा, आणि मुलीची दहावी त्याच वर्षी. कीव यायची पण भीतीही वाटायची, आणि भीती वाटते म्हटलं की आपणच वाईट. येरवड्याला सरकारनं एवढं मोठं मनोरुग्णांचं हॉस्पिटल कशाला ठेवलंय मग?

कोथरूडकर: पुण्यात कुणाशी पटलं नाही की येरवडा, मग तुरुंग असो नाहीतर हॉस्पिटल. असं पाठवता येत नाही हो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्याचं कलम १९ म्हणतं की घरच्यांना नको झाला किंवा घरच नाही एवढ्यावरून माणसाला हॉस्पिटलात ठेवून घेता येणार नाही, समाजात राहणं हा त्याचा हक्क आहे. संमतीशिवाय भरती करायची तर त्याच्या प्रतिनिधीचा अर्ज लागतो, दोघा तज्ज्ञांची वेगवेगळी तपासणी लागते, आणि तीही आधी ३० दिवसांपुरतीच. सोसायटीच्या लेटरहेडचा उल्लेख कुठेच नाही त्यात.

धाकट्याची_ताई: तुमचं दोघांचंही पटतं आणि दोघांचाही राग येतो. १६ वर्षं भावाला सांभाळतेय. त्याच कलमात लिहिलंय की सरकारनं हाफवे होम, ग्रुप होम द्यावीत, म्हणजे बाहेर राहायची सोय. माझ्या भावाला अजून तरी मिळालेली नाही, सध्या ती सोय म्हणजे मी. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार धरलाय म्हणून सर्टिफिकेटला गेलो तर रांगेतलाच एकजण म्हणाला, धडधाकट तर दिसतोय. घरी आल्यावर भावानं वारांच्या डबीतून बुधवारची गोळी काढली आणि परत तिथेच ठेवून दिली, म्हणाला मला काही झालेलंच नाही ना. त्या रात्री तुमचं कलम आलं नाही समजूत काढायला.

जुना_पेशंट: शेजारधर्म, तो दार ठोठावणारा मीच समजा. तुमच्या नाही, दुसऱ्या बिल्डिंगमधला. मी तुम्हाला घाबरवायला नव्हतो आलो, सांगायला आलो होतो, पाणी पिऊ नका म्हणून. आमचे वॉचमन काका वाद घालायचे नाहीत, खुर्ची द्यायचे, त्याच टाकीचं पाणी आधी स्वतः प्यायचे आणि मग तांब्या माझ्याकडे सरकवायचे. औषधं लागलीच, ती आजही घेतो, पण त्या रात्री निघाल्या त्या तांब्यावर. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या भार्गवी दावर यांच्या बापू ट्रस्टनं आपल्याच पुण्यातल्या वस्त्यांमध्ये हेच केलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना मदतीत ओढलं. फ्लॅटवाल्यांना का जमू नये? आणि कोथरूडकर, रविवारी त्या काकूंच्या मुलाला बोलावलंय का?

कोथरूडकर: नाही. खरं सांगायचं तर त्याला विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही.

शेजारधर्म: बोलवा की, माझी ना नाही. पण आमचा वॉचमन रात्री दोनला घोरत असतो. त्या वेळी फोन कुणाला करायचा, काकूंना, डॉक्टरांना की तुम्हाला, तेवढं त्याच मीटिंगमध्ये ठरवा आणि नंबर लिफ्टशेजारी लावा. ‘विनंती’चा विषय काढला तरी चालेल मग.

धाकट्याची_ताई: काकूंचा नंबर नका लावू. त्यांनाही झोप लागते कधीतरी.