मदत हवी आहे: फिलिपिन्समध्ये मित्रांसोबत निवांत समुद्रसहल – लाइया, प्वेर्तो गालेरा की झांबालेस?

नमस्कार मंडळी,

भातावरील संशोधनाच्या कामानिमित्त मी गेली पावणेदोन वर्षे फिलिपिन्समधील लोस बान्योस या गावी राहते. मनिलापासून साधारण ६५ किलोमीटरवर, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी आणि लागुना दे बाय या विस्तीर्ण सरोवराच्या काठी हे गाव वसलेले आहे. १९६० साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था येथे असल्यामुळे आपल्याकडील कृषी विद्यापीठांतील मंडळींच्या कानावर त्याचे नाव गेलेले असते. येत्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात माझ्या महाविद्यालयातील दोन मैत्रिणी आणि एक मित्र पुण्याहून माझ्याकडे येत आहेत. जून २०२५ पासून पर्यटनासाठी येणाऱ्या भारतीयांना येथे १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येऊ लागले आणि कित्येक वर्षे नुसताच बोलण्यात असलेला बेत अखेर ठरला. त्यांच्या मुक्कामातील मंगळवार ते गुरुवार असे तीन दिवस, माझ्या येथील चार फिलिपिनो मित्रमैत्रिणींसह, आम्ही आठ जणांनी समुद्रावर घालवावेत अशी माझी इच्छा आहे. जागा कोणती निवडावी आणि तयारी कशी करावी, याविषयी येथे राहिलेल्या किंवा राहत असलेल्या जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते, कारण त्यावरच बाकीचे सारे अवलंबून आहे. मला स्थळदर्शनाची सहल नको आहे. पुण्याच्या मंडळींनी पाठवलेल्या पहिल्या यादीत बोराकाय, एल निदो, सेबू आणि बोहोल ही सारी ठिकाणे सहा दिवसांत बसवली होती. ती सुंदर आहेत यात शंका नाही, परंतु त्या यादीप्रमाणे गेलो तर निम्मा वेळ विमानतळांवर जाईल आणि माझे इथले मित्र त्यात कुठेच नसतील. मला हवे आहे ते एवढेच, की माझ्या आयुष्यातील या दोन मित्रमंडळांनी एका झोपडीत, एका चटईवर, घड्याळाकडे न पाहता दोन-तीन दिवस एकत्र बसावे.

हे मला पूर्वीच्या एका चुकीतून कळले आहे. येथे आल्यावर तिसऱ्याच महिन्यात मी आमच्या प्रयोगशाळेतील मित्रांना घेऊन बातांगास प्रांतातील लाइयाच्या किनाऱ्यावर गेले होते. आपल्या सवयीप्रमाणे तासातासाचे वेळापत्रक करून मी सर्वांना पाठवले होते: सकाळी समुद्र, अकरा वाजता निघून एक जुने चर्च, मग एका प्रसिद्ध ठिकाणी जेवण आणि परतताना आणखी एक किनारा. त्या मंडळींनी मात्र दिवसभरासाठी कुबो, म्हणजे बांबूची आणि झावळ्यांची उघडी झोपडी, भाड्याने घेतली होती. घरून शिजवून आणलेला भात केळीच्या पानांत बांधलेला होता, आणि पोटात टोमॅटो-कांदा भरलेले बांगुस मासे भाजण्यासाठी कोळसे नुकतेच फुलू लागले होते. अकरा वाजता मी उठून निघण्याची आठवण केली. कोणीही नाही म्हटले नाही. जिला मी आते, म्हणजे ताई, म्हणते तिने अर्धवट भाजलेले मासे निमूटपणे पानात गुंडाळून डब्यात ठेवले, एकाने निखाऱ्यांवर पाणी ओतले आणि आम्ही निघालो. परतीच्या गाडीत कोणी गायले नाही. येथील माणसे समोरच्याला दुखावू नये म्हणून थेट नकार देत नाहीत हे मला नंतर समजले. त्या दिवशी मात्र सगळे दमले असतील असेच मला वाटले होते. त्या डब्याची आठवण झाली की आजही मला फार वाईट वाटते, आणि ही सहल ठरवण्यामागे ते एक मोठे कारण आहे.

पुढे त्यांनीच मला त्यांच्या पद्धतीचे भटकणे दाखवले. त्याला येथे गाला म्हणतात आणि मित्रांच्या टोळक्याला बारकादा. सान पाब्लो शहराच्या परिसरात सात लहान सरोवरे आहेत. त्यांपैकी पांदिन या सरोवरावर आम्ही एक पूर्ण दिवस काढला. वर छप्पर असलेला बांबूचा तराफा, या काठापासून त्या काठापर्यंत पाण्यावरून बांधलेला दोर, आणि तो दोर हातांनी ओढत तराफा सावकाश पुढे नेणाऱ्या गावातील बायका. इंजिनाचा आवाज नाही, कुठे पोहोचण्याची घाई नाही. मध्यावर तराफा थांबवून त्यांनी केळीच्या पानावर भात, नारळाच्या दुधातील कोळंबी आणि पाको नावाच्या रानातील नेच्याच्या कोवळ्या शेंड्यांची कोशिंबीर वाढली. जेवणानंतर दोघे जण चक्क झोपले. पुण्याच्या मंडळींना पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तेथे नेणार आहे, जेणेकरून समुद्रावर जाण्यापूर्वीच त्यांचा वेग थोडा कमी होईल. त्यामुळे तेवढा भाग ठरलेला आहे. प्रश्न समुद्राचा आहे.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला लाइया, कारण ते लोस बान्योसहून रस्त्यानेच गाठता येते आणि होडीची गरज पडत नाही. परंतु फेब्रुवारीपर्यंत अमिहान, म्हणजे ईशान्येकडून येणारे मोसमी वारे वाहत असतात आणि गेल्या जानेवारीत मी तेथे गेले होते तेव्हा लाटा इतक्या होत्या की पोहता न येणाऱ्यांना दिवसभर गुडघाभर पाण्यातच उभे राहावे लागले. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात तेथे परिस्थिती निवळते का, याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का?

दुसरा पर्याय मिंदोरो बेटावरील प्वेर्तो गालेरा. शेजारच्या कालांबा शहराहून बसने बातांगासच्या बंदरावर जायचे आणि तेथून होडीने सामुद्रधुनी ओलांडायची. आमच्यापैकी एका मैत्रिणीला पोहता येत नाही आणि होडीची तिला मनापासून भीती वाटते. येथील बांग्का ही होडी आपल्या कोकणातील उलांडीच्या होडीची बहीण शोभावी अशी असते. फरक एवढाच की उलांडी दोन्ही बाजूंना असते, त्यामुळे ती सहसा कलंडत नाही. हे मी तिला समजावले आहे, पण वाऱ्याच्या दिवसांत अंगावर पाणी येते हेही खरे आहे आणि ते मी तिच्यापासून लपवणार नाही. सकाळच्या पहिल्या फेरीत समुद्र खरोखरच शांत असतो का? मोठ्या, बंदिस्त बोटींची सेवा निवडावी का? हवामान बिघडले की तटरक्षक दल वाहतूक थांबवते आणि माणसे बेटावर अडकून पडतात. त्यासाठी परतीच्या विमानाआधी मी दोन दिवस मोकळे ठेवले आहेत. ते पुरेसे ठरतील का?

तिसरा पर्याय झांबालेस प्रांतातील आनावांगिन, आणि माझे मन खरे तर तेथेच ओढ घेते. १९९१ साली पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा उडालेली राख त्या खाडीत येऊन साचली. तिची फिकट राखाडी वाळू झाली आणि मागे आगोहो वृक्षांचे दाट बन उभे राहिले. आगोहो म्हणजे आपला सुरूच. आमच्यापैकी तिघांचे बालपण रत्नागिरी जिल्ह्यात गेले आहे. सुरूच्या बनातून वारा जाताना होणारा तो आवाज परदेशातल्या किनाऱ्यावर सर्वांनी मिळून ऐकावा, असे मला फार वाटते. शिवाय हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे अमिहानच्या दिवसांत तेथील समुद्र शांत असतो. अडचणी दोन आहेत. लोस बान्योसहून जाताना मनिला ओलांडावी लागते, म्हणजे वाहतुकीच्या कोंडीत किती तास जातील याचा नेम नाही. आणि पुंदाकित गावाहून पुढे पुन्हा होडी आहेच. तेथे तंबूत राहावे लागते. मला स्वतःला ते आवडेल, परंतु आमच्यातील एकाला पाठीचे दुखणे आहे. पुंदाकित गावातच रात्री मुक्काम करून दिवसभरासाठी आनावांगिनला जाऊन येणे कितपत सोयीचे आहे, हे कोणी सांगू शकेल का?

आता जेवणाविषयी. पुण्याहून येणारी एक मैत्रीण पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाही. येथील भाज्या दिसायला शाकाहारी असल्या तरी पिनाकबेतमध्ये बहुधा बागोओंग, म्हणजे बारीक कोळंबीचे किंवा माशांचे आंबवलेले वाटण असते, आणि आपल्या अळूच्या भाजीची आठवण करून देणाऱ्या नारळाच्या दुधातील लाइंगमध्येही सुके मासे किंवा डुकराचे मांस घातलेले असते. त्यामुळे "मांस नको" एवढे सांगून भागत नाही. मासे, कोळंबी आणि पातिस हे माशांचे पाणीही नको, असे एकेक नाव घेऊन सांगावे लागते. त्यावर मी आणि आतेने मिळून एक मार्ग काढला आहे. निखाऱ्यावर भाजलेले वांगे, त्यात कांदा, टोमॅटो आणि व्हिनेगर ही येथील नेहमीची कोशिंबीर आहे आणि ती आपल्या भरिताच्या अगदी जवळची आहे. सोबत भात असतोच; मेतकूट, लोणचे आणि थालीपिठाची भाजणी मैत्रीण घेऊन येईल. मला जाणून घ्यायचे आहे ते असे, की किनाऱ्यावरील झोपड्या भाड्याने देणारे लोक बाहेरून आणलेल्या शिध्यावर वेगळा आकार लावतात का, आणि भाजण्याची जाळी घरून नेली तर त्यांना चालते का? ज्या जाळीवर डुकराचे मांस भाजले जाते तिच्यावर मैत्रिणीचे वांगे ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही.

पैशांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. येथे सहलीसाठी सर्वांनी आंबाग काढण्याची पद्धत आहे, म्हणजे आपली वर्गणीच. परंतु पुण्याच्या मंडळींचा आग्रह आहे की फिलिपिनो मित्रांचा खर्च आपण करावा, आणि इकडे फिलिपिनो मित्र म्हणतात की पाहुण्यांकडून आंबाग घेणे त्यांना शोभणार नाही. दोन्हीकडे मनापासून प्रेम आहे आणि मी मध्ये आहे. वाहन आणि झोपडी एकाने, जेवण दुसऱ्याने अशी विभागणी केली तर कोणाचा मान दुखावणार नाही ना? ज्यांनी येथे मिश्र मित्रमंडळासोबत सहली केल्या आहेत त्यांनी यावर अवश्य लिहावे.

कपड्यांविषयी मैत्रिणींनी विचारले होते. त्याचे उत्तर मला ठाऊक असल्यामुळे येथेच नोंदवते. गावाजवळच्या किनाऱ्यांवर येथील कुटुंबे बहुधा टी-शर्ट आणि अर्धी विजार घालूनच पाण्यात उतरतात, त्यामुळे कोणालाही अवघडल्यासारखे होण्याचे कारण नाही.

भर: प्रतिसादांत दोघांनी तारखा सोमवार-मंगळवारकडे सरकवण्यास सुचवले आहे, परंतु आतेला सोमवारी रजा मिळत नाही आणि तिच्याशिवाय जाण्याची माझी इच्छा नाही. प्रवास कसा करणार, असेही विचारले गेले. आठ जणांसाठी चालकासह व्हॅन ठरवण्याचा विचार आहे. लोस बान्योस किंवा कालांबा परिसरातील विश्वासू चालक कोणाच्या माहितीत असल्यास कृपया व्यक्तिगत संदेशाने कळवावे. तसेच आतेने आज दुपारी मला विचारले की पाहुण्यांना बांगुस भाजताना जवळ बसायला चालेल का, की वासाचा त्रास होईल. मी पुण्याला फोन लावला. मैत्रिणीने सांगितले की ती वारा जिकडून येतो त्या बाजूला बसेल, पण मासे पूर्ण भाजून होईपर्यंत कोणालाही उठू देणार नाही. त्यामुळे जागा कोणतीही ठरो, झोपडी मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत मिळेल अशीच हवी आहे. लाइया आणि पुंदाकित या दोन्ही ठिकाणी तशी सोय कोठे आहे, एवढे कृपया आवर्जून सांगावे.