पायापेक्षा शब्दांची अडचण

आठवीत शाळा बदलून नव्याने आलेली मुले वर्गात गप्प होतात ती मोठ्या शाळेला बिचकून, असे निदान केले जाते; मला ते अपुरे वाटते. माझी भाची उमरेडजवळच्या जिल्हा परिषद शाळेतून नागपुरातील एका अनुदानित शाळेत सेमी-इंग्रजीच्या, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्या, वर्गात आली. तिचा आधीची शाळा सोडल्याचा दाखला उशिरा मिळाला, तरी प्रवेश अडला नाही, कारण शिक्षणहक्क कायदा, २००९ आठवीपर्यंत त्या कारणावरून प्रवेश अडवू देत नाही. तासागणिक बदलणारे शिक्षकही तिच्या आठवडाभरात अंगवळणी पडले.

अडले ते गणितात. लसावि-मसावि सहज काढणारी ही मुलगी फळ्यावर लसाविचेच इंग्रजी नाव ‘एलसीएम’ दिसताच गप्प बसे, आणि तिचा पायाच कच्चा असल्याचा शिक्षकांचा (आणि खरे सांगायचे तर आमचाही) समज झाला. शेवटी नववीतल्या एका मुलीने जुन्या वहीच्या मागच्या पानावर उभी रेघ मारून एकीकडे अंश, छेद, वर्गमूळ आणि दुसरीकडे न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, स्क्वेअर रूट असे लिहून दिले. दिवाळीपर्यंत त्या पानाच्या कडा पार झिजल्या होत्या. उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तेव्हा असे पान प्रवेशाच्या वेळीच हाती दिल्यास ते वाचायला मुलांना पुरेसे दिवस मिळतील.