मदत हवी आहे: वडिलांच्या कुस्तीची जुनी व्हीएचएस कॅसेट

मंडळी, आमचे आण्णा मातीतले पैलवान, त्यांच्यावर मी डॉक्युमेंट्री करतोय. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात, शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या, तिथे १९९४ ला त्यांची कुस्ती झालेली, तिची एकच व्हीएचएस कॅसेट आहे आणि टेपवर पांढरी बुरशी धरलीय. तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर टेप जाईल आणि हेडपण खराब होईल म्हणून हात लावला नाही. बुरशी साफ करून डिजिटल करून देणारं कोल्हापूर-पुण्यात कुणी खात्रीचं आहे का?

अजून एक, कॅमेरा लावला की आण्णा गप्पच होतात, नुसते मोडलेल्या कानावरनं बोट फिरवत बसतात. ती कुस्ती ते हरले होते. कसं बोलतं करू त्यांना?