मदत हवी आहे: पॅड बदलल्यापासून हेडफोनमधला माणूस डोक्यामागे उभा राहून बोलतोय

मागशेजारीण
नमस्कार मंडळी. आधीच सांगते, लांबण लागणार आहे.

राहायला बेळगावच्या वडगावात. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे चार पॉवरलूम. सकाळी सातला खटखट सुरू होते ती जेवणाच्या सुट्टीला थांबते. लग्न होऊन आले तेव्हा पंधरा दिवस डोळ्याला डोळा नव्हता, आता माग थांबला की दचकायला होतं. मी घरबसल्या व्हिडिओंची सबटायटलं करते, मराठी आणि कन्नड दोन्ही. आपल्याकडे माणूस एका वाक्यात दोनदा भाषा बदलतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे गाण्यांसाठी नाही, पोटासाठी हेडफोन लागतो. समोरचा ‘आठ एकर’ म्हणाला की ‘साठ एकर’, हे मला ऐकू आलंच पाहिजे.

हेडफोन साधाच आहे. वायरवाला, बंद पाठीचा (कप बाहेरून बंद), ४० मिमी ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर), तीन वर्षांपूर्वी चौदाशेला घेतला होता. आवाज बरा होता. तक्रारी तीन. पॅडचं रेक्झिन गेल्या पावसाळ्यात सुटायला लागलं, संध्याकाळी आरशात बघावं तर कानामागे काजळीसारखे काळे कपचे. दुसरं, चष्म्याची काडी पॅडखाली दाबली जाऊन कानशिलं ठणकतात. तिसरं, डाव्या कपाजवळ वायर तुटत आली होती, मान एका कोनात धरली तरच दोन्ही बाजू वाजायच्या.

मग एका रविवारी सगळं एकदम उरकलं. मखमली पॅड ऑनलाइन मागवले, साडेतीनशेला. वायर धाकट्या दिराने बदलून दिली, तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पकड सैल व्हावी म्हणून हेडफोन रात्रभर पुस्तकांच्या चळतीवर ताणून ठेवला. त्यासाठी मी पोथ्या काढत होते, सासूबाईंनी हात धरला, मग दोन जाड शब्दकोश लावले.

आता डोक्याला अगदी उशीसारखा वाटतो. पण आवाज! जाड सूर गायब. बोलणारा माणूस समोर नाहीच, डोक्याच्या मागे कुठेतरी, सगळीकडून. आणि माग आधीपेक्षा जास्त ऐकू येतात. दोन्ही कान वाजतात, म्हणजे वायर ठीक असणार. पॅडच चुकले ना? जुने कपचेवाले परत लावू का? अजून टाकले नाहीत, डब्यात आहेत.

निपाणीचा_नाना
ताई, पॅड ही गादी नाही, हेडफोनचा भागच आहे तो. बंद हेडफोनमध्ये बास (तुमचे जाड सूर) टिकतो तो कान आणि ड्रायव्हर यांच्यामधली हवा कोंडलेली राहते म्हणून. रेक्झिन हवा अडवतं, मखमलीतून ती झिरपते. चष्म्याच्या काडीपाशी फट पडते तिथूनही जाते. वर तुम्ही पकड सैल केलीत. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला गेल्या.

एक करून बघा. गाणं लावून दोन्ही तळव्यांनी कप हलके दाबा. बास परत आला तर रोग फटीचा.

कपच्यांचं म्हणाल तर त्या रेक्झिनवर पॉलियुरेथेनचा थर असतो, दमटपणात तो आपोआप विरतो. आपल्याकडचा पाऊस आणि मानेचा घाम, दोन-तीन वर्षं म्हणजे खूप झाली. वापरा अगर नका वापरू, तो जाणारच.

तिसरं_गेट
नाना म्हणूलालेत ते बरोबर. पण मखमल वाईट असं नाही हां. माझ्याकडे सुपरलक्स कंपनीचा एचडी ६८१ हेडफोन होता. दिसायला एकेजी कंपनीच्या के २४० हेडफोनचा भाऊ, अर्धखुल्या पाठीचा, पैशाच्या मानाने जबरदस्त. पण ‘स’ आला की कानात सुई. त्याला मखमली पॅड घातले, ड्रायव्हरसमोर टिश्यू पेपरचे दोन पदर कापून लावले, काम झालं. टिश्यू तीक्ष्ण आवाज खातो. अगदी फुकटातला उपाय. ताईंनी पण एक पदर लावून बघावा.

निपाणीचा_नाना
अरे बाबा, त्यांना ‘आठ’ आणि ‘साठ’मधला फरक ऐकायचाय आणि तू ‘स’च खायला सांगतोस! ‘स’चा सगळा जीव वरच्या पट्टीत असतो, पाच हजार हर्ट्झच्या पुढे. तुझा हेडफोन वेगळा, त्याचा आजार वेगळा.

तिसरं_गेट
होय की. चुकलं. टिश्यू रद्द.

खानापूरचे_सोल्डरकाका
सगळे जरा थांबा. बास गेला, माग जास्त ऐकू येतात, इथवर पॅडचं मान्य. पण ‘माणूस डोक्यामागे, सगळीकडून’ हे पॅडचं लक्षण नव्हे. पॅड खराब असला तरी निवेदक मधोमधच ऐकू येतो, फार तर पातळ येतो. मला संशय वायरीचा आहे. दोन्ही कान वाजतात याचा अर्थ वायर जोडलेली आहे एवढाच, बरोबर जोडलेली आहे असा नाही.

तीन शक्यता. पहिली, जॅक. नव्या वायरीच्या पिनवर काळ्या रेघा किती आहेत ते बघा. तीन असतील तर तो माइकवाला चार कप्प्यांचा जॅक. त्याचा मेळ एखाद्या उपकरणाशी बसत नाही, तेव्हा गाणाऱ्याचा आवाज विरघळतो आणि नुसतं संगीत उरतं. दोन रेघा असतील तर हे सोडून द्या. दुसरी, दोन्ही कानांची मिळून जी कॉमन तार असते ती सुटलेली. तेव्हा दोन्ही ड्रायव्हर एकामागे एक जोडल्यासारखे होतात आणि डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो. त्यात मधला माणूस जवळजवळ नाहीसाच होतो. तिसरी, एका कानाच्या दोन तारा उलट्या. मग एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. माणूस ऐकू येतो, पण डोक्याला त्याची जागा सापडत नाही, आणि बास पोकळ भासतो. तुमचं वर्णन या तिसऱ्याशी जुळतं.

स्क्रूड्रायव्हर न उचलता तपासता येईल. ऑडॅसिटी आहे का, ते आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर? एकट्या माणसाच्या बोलण्याची मोनो फाइल (दोन्ही कानांना एकच आवाज) घ्या. ट्रॅकची नक्कल करा, एक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे सरकवा. ऐका. मग फक्त उजवा निवडून इफेक्टमध्ये इन्व्हर्ट (म्हणजे लाट उलटी) करा आणि परत ऐका. इन्व्हर्ट केल्यावर माणूस मध्ये आला तर दिराला बोलवा.

मागशेजारीण
काका!! जॅकवर रेघा दोनच. नानांनी सांगितलं तसं तळव्यांनी दाबून बघितलं, बास थोडा आला पण माणूस मागेच. मग ऑडॅसिटीत केलं. पहिल्यांदा नेहमीसारखं, आवाज मानेच्या आसपास भटकत होता. इन्व्हर्ट दाबलं आणि तो माणूस एकदम येऊन कुंकवाच्या जागी उभा राहिला. मी घाबरून हेडफोनच काढला.

दिराला विचारलं. आधी म्हणाला, वहिनी, माझं चुकलं नसणार. मग म्हणाला, तार केसासारखी बारीक होती, सोल्डर धरेना, म्हणून ब्लेडने खरवडली. खरवडल्यावर लाल-हिरवा रंगच गेला. डावी बाजू आठवणीने लावली, उजवी अंदाजाने.

खानापूरचे_सोल्डरकाका
त्याला रागावू नका, हे सगळ्यांकडून एकदा होतं. त्या तारांवरचा रंग म्हणजे लाखेसारखा थर असतो. प्रत्येक धाग्यावर तो वेगळा असतो, म्हणून खरवडून नीट निघत नाही, तारा मात्र तुटतात. टोकाला फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ती पेस्ट) लावायचा, इस्त्रीच्या (म्हणजे सोल्डरच्या, कपड्याच्या नव्हे) टोकावर शिशाचा ताजा थेंब घ्यायचा आणि तार त्या थेंबात दोन-तीन सेकंद धरायची. थर जळतो, थोडा धूर येतो, तार चंदेरी होते. धूर नाकात घेऊ नका, खिडकी उघडी ठेवा. २५ वॅटची इस्त्री पुरते.

हे करताना रंग फक्त टोकाचाच जातो, मागचा राहतो. तोच खुणेचा.

आता दुरुस्ती. उजवा पॅड काढा, कप उघडा. मल्टिमीटर बीप मोडवर, दोन टोकं जोडलेली असली की तो वाजतो. जॅकचं टोक म्हणजे डावा कान, मधला कप्पा उजवा, बुडाचा दोघांचा कॉमन. ड्रायव्हरवर तारा जोडायच्या दोन टिकल्या असतात, बहुतेक वेळा एकीजवळ अधिकची खूण किंवा रंगाचा ठिपका असतो. मधला कप्पा उजव्या ड्रायव्हरच्या अधिकशी बीप व्हायला हवा. खूण नसेल तर सोपं, उजवीकडच्या दोन तारा फक्त अदलाबदल करा. टिकलीवर इस्त्री दोन सेकंदांवर ठेवायची नाही, आतलं प्लॅस्टिक वितळलं तर ड्रायव्हर गेला. आणि उघड्या ड्रायव्हरजवळ स्क्रूड्रायव्हर नेताना सांभाळा, चुंबक तो खेचून घेतो आणि पडद्याला भोक पडतं. माझा एक असाच गेलाय.

तिसरं_गेट
मल्टिमीटर नसेल तर माझा घेऊन जा, दुसऱ्या गेटाजवळ दुकानात असतो मी दिवसभर.

मागशेजारीण
झालं! काल लाइट गेली होती, माग बंद, राउटर बंद, तेवढ्यात दिराने बॅटरीच्या उजेडात कप उघडून ठेवला. लाइट आल्यावर अदलाबदल केली, चार मिनिटांचं काम. माणूस आता समोर आहे, ऑडॅसिटीशिवाय. मल्टिमीटरबद्दल आभार, पेढे नाही, कुंदा पाठवते.

आता राहिलं ते पॅडचं. आवाज सुधारला तरी नाना म्हणतात तो बास अजून पूर्ण नाही, आणि माग ऐकू येतातच. मखमल सोडवत नाही हो, इतकं आराम आहे.

निपाणीचा_नाना
मग मधला मार्ग. त्याच मापाचे रेक्झिनचे पॅड घ्या, माप म्हणजे बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये, जुना मोजून. त्यावर सुती कापडाचं पातळ टोपडं शिवा, इलास्टिक घालून. कापड कातडी आणि रेक्झिनच्या मध्ये येतं, हवा अडवायचं काम रेक्झिन करतं, घाम कापड पितं, आठवड्याला धुता येतं. कपचे निघाले तरी कानाला लागत नाहीत. ड्रायव्हरच्या समोर मात्र कापड येऊ देऊ नका, मध्ये भोक ठेवा.

चष्म्यासाठी पॅडचं कव्हर उलटून काडी जिथे बसते तिथे फोमला बोटाच्या पेराएवढी खाच द्या. फट पडणार नाही इतकीच. आणि शक्य असेल तर कामाच्या वेळी बारीक तारेच्या काडीचा चष्मा वापरा, जाड प्लॅस्टिकच्या काडीने कुठलाही पॅड हरतो. शब्दकोश काढून ठेवलेत ना? पकड आणखी सैल नको. माझ्या मते ही पकड सैल करायची युक्ती चष्मेवाल्यांनी शेवटी वापरावी, लोक पहिली वापरतात.

खानापूरचे_सोल्डरकाका
मागांबद्दल खोटी आशा दाखवत नाही. बंद कप खटखटीतला टोकदार भाग बऱ्यापैकी अडवतो, पण भिंतीतून येणारी धडधड जाड पट्टीतली असते, ती कुठलाच साधा कप अडवत नाही. नॉइज कॅन्सलिंगवाले (बाहेरचा आवाज उलट आवाजाने मारणारे) हेडफोन विमानाच्या, पंख्याच्या सलग घरघरीला चांगले, धोट्याच्या अचानक ठोक्याला तेवढे नाहीत. त्यात पैसे घालू नका.

मात्र एक गोष्ट बघा. माग चालू असताना तुम्ही आवाज किती चढवता? जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा हिशेब ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास असा आहे. तुमचं कामच तेवढ्या तासांचं. फट बुजली की आवाज दोन-तीन खुणा खाली येतो, पॅड नीट लावायचं खरं कारण ते.

तिसरं_गेट
टिश्यूचं प्रायश्चित्त म्हणून एक कामाचं सांगतो. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे, आवाजाची हवी ती पट्टी त्यात वर-खाली करता येते. दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल चढवा, बोलणं पुढे येतं. जेवढं चढवलं तेवढंच त्यातलं प्रीअँप (एकूण पातळी) खाली आणा, नाहीतर आवाज फाटतो. अँड्रॉइड फोनवर त्यासाठी वेव्हलेट अ‍ॅप. ऑटोईक्यू नावाच्या यादीत हजारो मॉडेलांची तयार सेटिंग्ज मिळतात, पण पॅड बदललेल्या हेडफोनला ती जशीच्या तशी लागू पडत नाहीत, कानाने जुळवा.

मागशेजारीण
रेक्झिनचे पॅड आले, २७० रुपये. सासूबाईंनी जुन्या सुती शहापुरी लुगड्याच्या पदरातून टोपडी शिवली, एकावर काठाची जर आलीय, ती डावी बाजू म्हणून खूण. खाच दिली, पहिल्या पॅडला जरा जास्तच कापली, तिथे कापसाचा बोळा भरलाय. बास आला. माग आहेत, पण शेजारच्या गल्लीत गेल्यासारखे. आवाजाची खूण आधी ७०वर असायची, आज दिवसभर ५२वर होती.

गेल्या आठवड्यातली एक फाइल परत ऐकली. साठ एकर होतं. मी आठ लिहून पाठवलंय. आत्ताच दुरुस्तीची मेल केली.

दीर आता स्वतःचा हेडफोन उघडायला बसलाय.

खानापूरचे_सोल्डरकाका
आधी तारांच्या रंगाचा फोटो काढ म्हणावं.